तपासणी रोग्याच्या दारीं

साथीच्या रोगाशीं झुंजतांना वैद्यकाला दोन शत्रु असतात. एक रोगजंतु व दुसरा वेळ. नमुना दूरच्या प्रयोगशाळेकडे रवाना झाला, कीं उत्तर येईपर्यंत रोगी घरांत व बाजारांत वावरतो, आणि रोगहि त्याच्याबरोबर हिंडतो. मे २०१८ मध्यें केरळांत निपाह विषाणूची साथ उद्भवली, तेव्हां नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेकडे धाडावे लागले. जानेवारी २०२० मध्यें केरळांतच आढळलेल्या, देशांतील पहिल्या कोविड-रोग्याचें निदानहि पुण्यासच झालें. विद्या होती; पण ती रोग्यापासून फार दूर होती.

हें अंतर तोडण्याच्या कामीं नव्यानें निघालेल्या लहान कंपन्यांनीं पुढाकार घेतला. बंगळूरची बिगटेक व गोव्याची मोलबायो यांनीं सिद्ध केलेलें ‘ट्रूनॅट’ हें यंत्र त्याचें उत्तम उदाहरण होय.

त्याचें तत्त्व असें : प्रत्येक जंतूच्या पोटीं त्याची आनुवंशिक खूण असते. नमुन्यांत ती इतकी अल्प असते, कीं सहसा हातीं लागत नाहीं. म्हणून ‘पीसीआर’ पद्धतीनें, आळीपाळीनें ऊन व थंड करून, तिच्या प्रती दुप्पट दुप्पट केल्या जातात. बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या दाण्यांचाच हा हिशेब! तीस वेळां दुप्पट झाली, कीं एका प्रतीच्या शंभर कोटींहून अधिक होतात. एरवीं यासाठीं मोठी प्रयोगशाळा, शीतपेट्या व कसलेले तज्ज्ञ लागतात. ट्रूनॅटमध्यें लागणारीं द्रव्यें वाळविलेलीं असतात, तपासणी एका छोट्या चकतीवर होते, यंत्र बॅटरीवर चालतें, आणि सुमारें तासाभरांत उत्तर मिळतें. त्यामुळें तें खेड्यांतील आरोग्यकेंद्रांतहि ठेवतां येतें.

ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं हें यंत्र कोविडसाठीं जन्मलेलें नव्हे. क्षयरोगाच्या तपासणीसाठीं तें आधींच वापरांत होतें. एप्रिल २०२० मध्यें भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें कोविडसाठीं त्यास संमति दिली, तेव्हां चकती बदलली. यंत्र व तें चालविणारे हात तेच राहिले. तहान लागल्यावर विहीर खणावी लागली नाहीं.

याहून जलद मार्ग म्हणजे घरगुती तपासणी. पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या अशा संचास मे २०२१ मध्यें मान्यता मिळाली. त्याचें उत्तर १५ मिनिटांत कळतें. परंतु त्यांत खुणेची वाढ होत नाहीं, विषाणूचीं प्रथिनेंच तेवढीं हुडकलीं जातात. म्हणून विषाणु थोडे असल्यास ती चुकते. ‘आहे’ हें तिचें उत्तर मानावें; लक्षणें असूनहि ‘नाहीं’ म्हणाली, तर पीसीआर करावी, असाच नियम ठरला. शिवाय घरीं कळलेलें उत्तर कोणीं नोंदविलेंच नाहीं, तर साथीचा अंदाज घेणारे अंधारांत राहतात.

आणखी एक किंमत मोजावी लागली. २०१९ सालीं देशांत सुमारें २४ लक्ष क्षयरोग्यांची नोंद झाली. २०२० सालीं ती सुमारें १८ लक्षांवर आली. रोग ओसरला नव्हता, त्याची ओळख पटविणें मंदावलें होतें. टाळेबंदीनें वाटा अडल्या होत्या. यंत्रें व माणसें कोविडकडे वळलीं होतीं.

तेव्हां साथीची खरी पूर्वतयारी म्हणजे कोठारांत कुलूपबंद ठेवलेलीं यंत्रें नव्हेत. रोजच्या रोगांसाठीं गांवोगांव चालू असलेलीं यंत्रें व त्यांवर हात बसलेलीं माणसें, हीच ती तयारी; आणि तीं इतकीं असावींत, कीं नव्या रोगाला सामोरें जातांना जुन्या रोग्यास दारांतून परत जावें लागूं नये.