पुण्याचा जनरल आणि अडलेला बोल्ट

थ्री नॉट थ्री म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पोलिस ठाण्याच्या दारातला पहारेकरी किंवा एनसीसीच्या मैदानावरची सकाळ उभी राहते. ती रायफल म्हणजे ली-एनफिल्ड. तिची काडतुसं आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही बनत, बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं घेऊन. पण हेच काडतूस उडवणारी आणखी एक लष्करी रायफल होती: कॅनडाची रॉस. पहिल्या महायुद्धात तिचा बोल्ट ऐन लढाईत अडला, आणि तो का अडतो हे मोठ्याने सांगणाऱ्या माणसाचं पद गेलं. तो माणूस काही वर्षं आधी पुण्याच्या लष्करी डिव्हिजनचा प्रमुख होता.

आधी रायफल. बोअर युद्धाच्या काळात कॅनडाला ब्रिटनकडून हव्या तितक्या ली-एनफिल्ड मिळेनात, आणि कॅनडात कारखाना काढायला ब्रिटिश कंपनी राजी होईना. अशा वेळी सर चार्ल्स रॉस हा स्कॉटिश जमीनदार स्वतःचं डिझाइन घेऊन पुढे आला. सरकारशी करार झाला आणि क्वेबेक शहरात कारखाना उभा राहिला. ज्या समितीने ही रायफल पसंत केली तिच्यात सॅम ह्यूज नावाचा एक खासदार होता. १९११ मध्ये तो संरक्षणखात्याचा मंत्री झाला. रॉस रायफलीवर त्याचा जीव जडला होता, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

रॉसचं वैशिष्ट्य तिच्या बोल्टमध्ये होतं. ली-एनफिल्डची मूठ आधी वर फिरवायची, मग मागे ओढायची. रॉसची मूठ थेट मागे ओढायची, थेट पुढे ढकलायची. फिरण्याचं काम बोल्टच्या आतले पिळाचे खाचे करत. दोन हालचालींचं काम एकात. नेमबाजीच्या मैदानावर ही चाल लोण्यासारखी वाटे. इंग्लंडमध्ये बिस्लीला भरणाऱ्या स्पर्धांत रॉसने मोठमोठी बक्षिसं मारली, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. रायफल खरोखर अचूक होती. ली-एनफिल्डची लांबी ४४.५ इंच, तर रॉसची ५०.५. स्वच्छ हवेत, ओट्यावर आडवं पडून, निवडक काडतुसांनी, सावकाश नेम धरणाऱ्याला ती लांबी फायद्याचीच होती.

खंदकात यातलं काहीच नव्हतं.

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. दोन दिवसांनी तोच हिरवट ढग थेट कॅनडाच्या पहिल्या डिव्हिजनवर आला. ओल्या फडक्यांनी नाक-तोंड झाकलेली पोरं रायफली चालवत होती आणि बोल्ट उघडेनात. बुटाच्या टाचेने लाथा घालून, खंदक खणायच्या अवजाराच्या दांड्याने ठोकून त्यांनी ते उघडले. लढाई ओसरल्यावर मोजदाद झाली. वाचलेल्या सुमारे ५,००० जवानांपैकी १,४५२ जणांनी आपली रॉस फेकून मेलेल्या ब्रिटिश सैनिकाची ली-एनफिल्ड उचलली होती. शिस्तीच्या फौजेत सरकारी हत्यार टाकणं हा गुन्हा. जवळजवळ दर तिसऱ्या माणसाने तो केला, यापेक्षा स्पष्ट तक्रार कुठली?

बोल्ट अडत का होता? ह्यूज आणि रॉस यांचं उत्तर ठरलेलं होतं: काडतुसं खराब. त्यात अर्धं सत्य होतं. युद्धाच्या घाईत बनलेली ब्रिटिश काडतुसं मापाला सैल असत, आणि रॉसचं चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, घट्ट कोरलेलं. बार उडाला की काडतुसाची पितळी केस, म्हणजे कवच, फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटे. ली-एनफिल्डचं चेंबर ऐसपैस, त्यामुळे तीच काडतुसं तिथे मुकाट्याने बाहेर येत.

शिवाय चिकटलेली केस सोडवायची ताकद रॉसमध्ये कमी. लोणच्याच्या बरणीचं झाकण आपण आधी हिसका देऊन फिरवतो, मग उचलतो. ली-एनफिल्डची मूठ वर फिरते तेव्हा तरफेच्या जोराने केस जागची हलते. पुढची ओढ हलकी जाते. रॉसमध्ये झाकण न फिरवताच उपटायचं, आणि तेही चिखलाने माखलेल्या बोटांनी.

खरं मर्म मात्र याहून बारीक जागी होतं. बोल्टच्या डोक्यावर चेंबर बंद करणारे लग असतात. रॉसच्या मार्क थ्री या नमुन्यात या लगांवर तोफेच्या झाकणासारखे आटे पाडलेले होते. बोल्ट मागे ओढला की तो पूर्ण निघून येऊ नये म्हणून डाव्या बाजूला अटकाव असतो, बोल्ट-स्टॉप. हा स्टॉप इतका लहान होता की बोल्ट मागे आला की डाव्या लगाचा सगळ्यात मागचा आटा तेवढ्याच ठिकाणी त्यावर आपटे. दर बाराला एक ठोका. त्यातून लगाच्या पोलादाला पाणी नीट दिलेलं नसे. विळ्याला लोहार पाणी देतो तसंच हे. कमी पडलं की धार वळते. इथे आट्याची कड वळली. फिटर ज्याला ‘बर’ म्हणतात ती दाबून वर आलेली कोर तयार झाली आणि पुढच्या वेळी बोल्ट बंद करताना समोरच्या आट्यात अडकू लागली.

आता दुष्टचक्र बघा. केस चिकटली म्हणून जवान लाथ घालतो. लाथेने बोल्ट सुटतो तो दाणकन स्टॉपवर आदळतो. आटा आणखी चेपतो. पुढच्या वेळी बोल्ट आणखी घट्ट बसतो, म्हणून लाथ आणखी जोराची. चांगली काडतुसं हातात आली तरी एव्हाना रायफल कायमची बिघडलेली. ‘काडतुसं खराब’ म्हणणाऱ्यांना हे दिसलं नाही, कारण कारखान्यातून आलेल्या कोऱ्या रायफलीत तो आटा शाबूत असे.

आजही जुनी रॉस तपासायची तर इथूनच सुरुवात करतात. बोल्ट बाहेर काढून डाव्या लगाच्या शेवटच्या आट्यावरून नख फिरवायचं. कड नखाला लागली किंवा एका जागी चपटा खड्डा दिसला की रोग कळला. दुसरी तपासणी त्याहून महत्त्वाची. साफसफाईनंतर हा बोल्ट चुकीचा जोडता येतो. तो पुढे जातो, बंद झाल्यासारखा दिसतो, बारही उडतो, पण लग फिरून अडकलेलेच नसतात आणि अख्खा बोल्ट उलटा तोंडावर येतो. म्हणून रिकाम्या रायफलीचा बोल्ट बंद करताना लग फिरताना डोळ्यांनी दिसले पाहिजेत. पुढे काही बोल्टना खिळा मारून ही चूक होऊच नये अशी सोय केली गेली.

आता तो जनरल. एडविन आल्डरसन १९०८ पासून काही वर्षं सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनचा प्रमुख होता. घोडेस्वारीचा आणि शिकारीचा शौकीन. शिकारीतून सैनिक कसा घडतो यावर त्याने पुस्तकही लिहिलं होतं. १९१४ मध्ये कॅनडाची पहिली डिव्हिजन त्याच्या हाती आली. ईप्रला पोरं काय भोगतात हे त्याच्या डोळ्यांसमोर घडलं. जून १९१५ मध्ये ब्रिटिश सरसेनापती फ्रेंच याने त्या डिव्हिजनच्या रॉस काढून ली-एनफिल्ड दिल्या. पण मागून आलेल्या डिव्हिजन रॉस घेऊनच उतरल्या, आणि आल्डरसन आता या सगळ्या डिव्हिजनच्या कॅनेडियन कॉर्प्सचा प्रमुख होता.

१९१६ च्या सुरुवातीला त्याने कॅनडातले सेनाधिकारी ग्वॉटकिन यांना पत्र लिहिलं. या प्रकरणातला सगळ्यात बोलका कागद हाच. रायफलीचे दोष एकेक करून मांडलेले, त्यात बार उडताना संगीन गळून पडते हेसुद्धा. पत्र ह्यूजपर्यंत पोचलं. आल्डरसनला रायफलीतलं काही कळत नाही अशा सुराचं जळजळीत उत्तर मंत्र्याने धाडलं, आणि त्याच्या प्रती कॉर्प्समधल्या अधिकाऱ्यांना वाटल्या. आघाडीवरच्या सेनापतीची त्याच्याच हाताखालच्या माणसांत अशी बेअब्रू करणं हे अक्षम्य होतं. मे महिन्यात आल्डरसनचं मूळ पत्र कॅनडातल्या वर्तमानपत्रात फुटलं. ज्यांची मुलं आघाडीवर होती त्या घरांत ते कसं वाचलं गेलं असेल याची कल्पनाच करावी.

त्याच महिन्याच्या अखेरीस आल्डरसनला काढलं. सेंट एलॉयच्या लढाईतलं अपयश हे निमित्त होतं, आणि त्यात त्याचाही वाटा होता हे मान्य केलं पाहिजे. पण ह्यूजशी वाकडं नसतं तर एवढ्यावर तो गेला नसता. त्याच्या जुन्या पूना डिव्हिजनने महिनाभर आधी, एप्रिल १९१६ मध्ये, मेसोपोटेमियातल्या कूतला तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली होती. तिथे वेढल्या गेलेल्या फौजेत मराठा पलटणी होत्या.

बाकीचं झटपट घडलं. नवे सरसेनापती हेग यांनीही रॉसविरुद्ध कौल दिला आणि उरलेल्या डिव्हिजनना ली-एनफिल्ड मिळाल्या. नोव्हेंबर १९१६ मध्ये पंतप्रधान बॉर्डन यांनी ह्यूजला मंत्रिमंडळातून घालवलं. पुढच्या वर्षी कारखाना सरकारने ताब्यात घेतला. रॉसला भरपाई मिळाली वीस लाख डॉलर.

चेंबर थोडं मोठं कोरणं, आट्यांना नीट पाणी देणं, स्टॉप रुंद करणं: दुरुस्ती एवढीच होती, आणि ती झालीही. एकेक गोळी जपून झाडणाऱ्या कॅनेडियन स्नायपरांनी रॉस सोडली नाही. फ्रान्सिस पेगामागाबो हा त्यांतला सर्वांत गाजलेला, आणि त्याच्या हातात रॉसच होती. आल्डरसन १९२७ मध्ये वारला. कॉर्प्स त्याला परत मिळालं नाही.