काळीचा रंग

चांगदेवला तापी आणि पूर्णा एकत्र येतात, तिथे काठावर बसून मी आभाळाचा पहिला वॉश टाकला. सकाळचे नऊ वाजले होते. कागद आधी ओला करून घेतला होता, निळा पातळ कालवला होता, बोर्ड थोडा तिरका धरला होता. सगळं शिकवल्याप्रमाणे. पण ब्रश उजव्या कडेला पोचेपर्यंत डावीकडचा रंग वाळून बसला. दुसरा हात फिरवला, तर आभाळात नांगराच्या तासांसारखे पट्टे उमटले.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. सोबतचा मित्र शाळेत चित्रकला शिकवतो. तो माझ्या कागदाकडे बघत म्हणाला, "मालवणला हेच आभाळ दहा मिनिटं ओलं राहिलं असतं."

खरं होतं. आम्ही दोघेही लँडस्केप शिकलो ते कोकणात. आमच्या वेळी कॉलेजची सहल निघायची ती समुद्राकडे, आणि मित्र आजही मुलांना तिकडेच नेतो. समुद्रावरच्या दमट हवेत कागद ओल सोडत नाही. एका रंगात दुसरा सोडावा, तो आपल्या गतीने पसरावा, चूक झाली तर टिपून घ्यावी, एवढी उसंत हवाच देते. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि मार्चपासूनच हवा कोरडी ठणठणीत होते. इथे पाणी कागदात मुरण्याआधी उडतं. आम्ही कोकणची रीत घेऊन खान्देशात बसलो होतो, एवढंच.

या खेपेला समुद्राकडे जायचंच नाही, हे आधी ठरवलं होतं. खान्देशाला किनारा नाही, पण समुद्राकडे निघालेली नदी आहे. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगवून ७२४ किलोमीटर पश्चिमेला वाहत तापी सुरतच्या पुढे समुद्राला मिळते. तिच्या उत्तरेने बुऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता जातो. उजव्या हाताला सातपुडा, डाव्या हाताला कुठेतरी तापी, मध्ये केळी. तो धरून शिरपूरपर्यंत जायचं, तिथून धुळ्याला उतरायचं आणि वाटेत चित्रं काढायची.

चांगदेवहून हतनूरला आलो. धरणाला ४१ दरवाजे आहेत. रंगपेटी उघडायची हिंमत नव्हती, म्हणून पेन्सिल घेतली. एक खांब, एक दरवाजा, पुन्हा खांब. दहाव्या दरवाजानंतर हात सैल झाला, विसाव्यानंतर मोजणं सुटलं. उन्हात सावल्या इतक्या कडक होत्या की मधला करडा रंग शोधावाच लागला नाही. जिथे ऊन तिथे कोरा कागद, जिथे सावली तिथे काळं. दिवसभरातलं पहिलं बरं चित्र ते झालं.

भुसावळला मेजर रॉबर्ट गिलची आठवण निघणारच होती. मद्रासच्या फौजेतला हा अधिकारी १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमला गेला. वर्षानुवर्षं लेण्यांत बसून त्याने मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत नकला केल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत बहुतेक जळाल्या. गिल १८७९ मध्ये भुसावळला वारला आणि इथेच त्याला पुरलं.

मित्र म्हणाला, "नकला जळाल्या, मूळ चित्रं आहेत."

मूळ चित्रं कशाची आहेत, हे दोघांनाही पाठ होतं. भिंतीवर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि काड्यांचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात. रंग म्हणजे पिवळी आणि तांबडी गेरू, काजळी, चुना आणि दगडातून मिळणारी हिरवी माती. निळा तेवढा लाजवर्द दगडाचा, दूर अफगाणिस्तानच्या बाजूने आलेला. बाकी सगळं आसपासचं. परीक्षेच्या उत्तरात आम्ही हे कितीदा लिहिलं असेल. सोबतच्या पेटीत मात्र सगळ्या ट्यूब विकतच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच फैजपूर गाठलं. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन या गावी भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. त्यासाठी उभारलेल्या टिळकनगराची सजावट करायला गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं होतं. अट एकच होती, साहित्य खेड्यातलं हवं. बंगालच्या चित्रकाराने मग बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून नगर सजवलं. पुढे, १९३८ मध्ये, हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी त्यांनी गावकऱ्यांची चित्रं केली. ढोलकी वाजवणारा, कापूस पिंजणारा, शिंपी अशी रोजच्या कामातली माणसं. ठसठशीत रेघ आणि मातीचे मोजके रंग. हरिपुराही तापीकाठीच, गुजरातेत. म्हणजे आम्ही ज्या नदीच्या कडेने चाललो होतो, तिच्याच खोऱ्यात आमचा धडा आधीच कुणीतरी गिरवून ठेवला होता.

गावाबाहेर एका बागेत केळीची कापणी चालली होती. मालकाला विचारून बांधावर बसलो. एक जण घड पेलून धरायचा, दुसरा कोयत्याच्या एका घावात दांडा तोडायचा. तिसरा खांद्यावर पोत्याची घडी टाकून उभाच असायचा. घड खांद्यावर आला की त्याची चाल बदलायची. गुडघे किंचित वाकायचे, पावलं जवळजवळ पडायची आणि मान मात्र ताठ. तो गाडीपर्यंत जाऊन येईतो मला एक आकृती मिळायची. चुकली तर घाई नव्हती, दोन मिनिटांत तोच माणूस तसाच पुन्हा समोरून जायचा. मालवणात लाटा असं करतात.

त्या सगळ्यांच्या सदऱ्यांवर तपकिरी-काळे डाग होते. मी विचारलं. पोत्याची घडी झटकत तो खांदेकरी म्हणाला, "केळीचा चीक आहे साहेब. लागला की कपडा गेला, धुऊन निघत नाही."

मित्राने माझ्याकडे पाहिलं. तोडलेल्या दांड्यातून चीक ठिबकतच होता. बाटलीच्या झाकणात थोडा धरला, तुराटीची एक काडी तिरकी छाटून टोक केलं आणि तिने वहीच्या पानावर खांद्यावर घड घेतलेला माणूस काढला. काहीच दिसेना. पाण्याने काढल्यासारखं सगळं. कुठली रेघ कुठे टेकली ते केवळ हाताच्या आठवणीवर. अशी दोन पानं आंधळेपणाने भरली आणि वही डिकीत टाकली. चोपडा मागे टाकून चहाला थांबलो तेव्हा ती उघडली. रेघा हळूहळू तांबूस तपकिरी होऊन वर आल्या होत्या. काही एकमेकींना भिडल्याच नव्हत्या, एका माणसाला कोपरच नव्हतं. तरी खांद्यावरचं वजन त्यात बरोबर उतरलं होतं. दिसत असतं तर मी ती रेघ चारदा गिरवून मारली असती.

शिरपूरच्या पुढे सावळदेच्या पुलावरून तापी ओलांडली आणि दुपार कलल्यावर मुडावदला पोचलो. धुळ्याहून आलेली पांझरा इथे, कपिलेश्वराच्या देवळाजवळ, तापीला मिळते. वाटेत एका वावरातून काळ्या मातीची दोन ढेकळं उचलली. पलीकडे बैल घेऊन निघालेला म्हातारा थांबला.

"काय करी ऱ्हायनात भाऊ?"

रंग करणार आहे म्हटल्यावर तो हसला. "हाई ते मन्ही काळी शे!"

त्याच्या तोंडी काळी म्हणजे शेत, आणि वस्तीची जागा ती पांढरी. गावाचा अख्खा नकाशा आपल्या लोकांनी दोन रंगांत सांगून ठेवला आहे.

काळी दगडावर वाटली, रुमालातून गाळली, पाण्यात ढवळून मिनिटभर ठेवली. जाड कण तळाशी बसले, वरचं गढूळ पाणी वेगळं काढलं. बाभळीचा डिंक आदल्या रात्रीपासून भिजत होता, त्याचे काही थेंब घातले. पहिला हात जाड पडला आणि वाळल्यावर कागदावर भेगा गेल्या, अगदी उन्हाळी रानासारख्या. पातळ केल्यावर जमलं. दरडीच्या सावलीचा वॉश एका दमात उतरला, पट्टा न पडता. काळीचा गुणच पाणी धरून ठेवायचा. अर्थात संध्याकाळ होत आली होती, वाराही पडला होता. सगळं श्रेय मातीला देत नाही.

रात्री धुळ्यात दोन दिवसांची पानं पसरून पाहिली. ट्यूबच्या रंगांतलं चांगदेवचं आभाळ कुठल्याही गावचं वाटत होतं. हतनूरची पेन्सिल, फैजपूरचा चीक आणि मुडावदची काळी मात्र इथलीच. विषय शोधत आम्ही निघालो होतो. हाताला लागली ती साधनं, आणि ती उन्हाने आमची पेटी बंद करायला लावली म्हणून लागली.

तेव्हा खान्देशातल्या कलाशिक्षकांना एक सांगणं आहे. मुलांना कोकणात जरूर न्या, समुद्र पाहायलाच हवा. पण त्याआधी फैजपूरला अर्धा दिवस थांबा. सकाळी सहाला बसा, दहाला उठा. सोबत जुनं धोतराचं फडकं आणि मूठभर डिंक न्या. बाकीचं तिथे आहे.