नवजात बालकाचा पहिला प्रवास : समज आणि वस्तुस्थिती

प्रसूती सुखरूप पार पडली आणि डॉक्टरांनी घरी जाण्यास अनुमती दिली, की घरच्या मंडळींचे लक्ष साहजिकच पुढील गोष्टींकडे वळते. पाचवीची पूजा, बारसे, बाळंतिणीचा आहार यांचा विचार बारकाईने होतो. परंतु दवाखान्याच्या दारापासून घराच्या उंबरठ्यापर्यंत बाळास कसे न्यावयाचे, हा प्रश्न मात्र 'मिळेल त्या गाडीने' एवढ्यावरच सुटला असे मानले जाते. वस्तुतः हा बाळाच्या आयुष्यातील पहिला प्रवास होय, आणि त्याविषयी अनेक चुकीच्या समजुती सुशिक्षितांतही रूढ आहेत.

जोयडा तालुक्यात या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. काळी नदीवरील सुपा धरणाच्या जलाशयात जुने सुपा गाव गेले व तालुक्याचे ठाणे जोयडा येथे आले. दाट अरण्यात विखुरलेल्या वाड्यांतून राहणाऱ्या येथील जनतेस प्रसूतीसाठी जोयडा वा दांडेली, आणि अडचणीच्या प्रसंगी अणशी घाट उतरून कारवार किंवा हुबळी-बेळगाव गाठावे लागते. वळणांचे रस्ते, पावसाळ्यातील धुके, अचानक आडवी येणारी गुरे व रानटी जनावरे यांमुळे चालकास एकाएकी ब्रेक लावावा लागणे हे येथे नित्याचेच आहे.

आईची मांडी

'आईच्या मांडीहून सुरक्षित जागा कोणती?' असा प्रश्न घरातील आजी विचारतात. घरात हे अक्षरशः खरे आहे. धावत्या गाडीत मात्र नाही. गाडी एकाएकी थांबली तरी आतील माणसे त्याच वेगाने पुढे जाऊ पाहतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर तीन किलो वजनाचे बाळ धरून ठेवण्यास सुमारे ४२ किलोचे ओझे पेलण्याइतका जोर लागतो. तांदळाच्या भरल्या पोत्याहून हे थोडेच कमी. तेही पूर्वसूचनेवाचून, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. येथे मातेची माया कमी पडत नाही, तिच्या हातांचे बळ कमी पडते.

हा समज केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्याने रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञांच्या प्रयत्नाने मुलांसाठी सुरक्षा-आसन सक्तीचे करणारा कायदा केला व तो १९७८ साली अमलात आला. त्या देशातील असा तो पहिलाच कायदा. परंतु त्यातही मोठ्या माणसाने मूल हातात धरलेले असल्यास सूट ठेवली होती. ही सूट मुलांच्या जिवावर बेतणारी असल्याचे सँडर्स सातत्याने सांगत राहिले आणि अखेर १९८१ साली ती रद्द झाली.

'जवळच तर जायचे आहे'

गाडी हळू चालविली व अंतर थोडे असले म्हणजे धोका नाही, असेही मानले जाते. ताशी ३० किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे साडेतीन मीटर उंचीवरून, घराच्या छपरावरून, खाली पडण्यासारखे आहे. ताशी ५० किलोमीटर असेल तर ती उंची सुमारे दहा मीटर, म्हणजे उंच पोफळीच्या शेंड्याइतकी होते. हळू चालविणे हिताचेच. तथापि तेवढ्याने काम भागत नाही.

एकच पट्टा दोघांना, आणि पुढची जागा

आई व बाळ यांना मिळून एकच सुरक्षा-पट्टा लावणे हे तर अधिकच घातक होय. धक्का बसताच आईच्या शरीराचा सारा भार बाळावर येतो व ते पट्ट्यात चेपले जाते. पट्टा आईने स्वतःपुरताच लावावा.

गाडीत एअरबॅग आहे म्हणून बाळास घेऊन पुढे बसणे हीदेखील चूक आहे. ही पिशवी मोठ्या माणसाच्या शरीरासाठी बनविलेली असून ती क्षणार्धात प्रचंड जोराने फुगते. तो आघात नवजात बालकास सहन होणे शक्य नाही. बाळाची जागा नेहमी मागच्या आसनावरच असावी.

दुचाकीवरून नेणे

वडील चालवीत आहेत व मागे आई बाळास पदराखाली घेऊन बसली आहे, हे दृश्य सर्वपरिचित आहे. केंद्र शासनाने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी अधिसूचित केलेल्या नियमानुसार चार वर्षांखालील मुलास दुचाकीवर नेताना त्यास चालकाशी जोडणारा सुरक्षा-पट्टा आवश्यक असून वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावयाचा आहे. नऊ महिन्यांपुढील मुलास शिरस्त्राणही हवे. नवजात बालकास न मान धरता येते, न बसता येते, न शिरस्त्राण घालता येते. यास्तव त्याने दुचाकीवर जाऊच नये.

कायदा काय सांगतो?

१ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या मोटार वाहन कायद्याच्या १९४-ब या कलमान्वये १४ वर्षांखालील मुलास सुरक्षा-पट्टा वा बालकांसाठीची बंधन-व्यवस्था न लावता गाडी चालविणे हा एक हजार रुपये दंडाचा अपराध ठरविण्यात आला. याउलट, 'असे आसन नसेल तर दवाखान्यातून बाळास सोडतच नाहीत' ही परदेशातील आप्तांकडून ऐकू येणारी गोष्ट आपल्याकडे लागू नाही. त्या भीतीने कोणीही दवाखान्यातील प्रसूती टाळू नये.

आसन कसे असावे?

ज्यांच्याकडे स्वतःची मोटार आहे त्यांनी शिशु-आसन अवश्य घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशा साधनांमुळे अपघातातील तान्ह्या बालकांचे मृत्यू ७१ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात. नवजात बालकाचे आसन गाडीच्या मागील बाजूस तोंड करून बसवावयाचे असते. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व मान नाजूक असते. तोंड मागे असल्यास धक्का मानेवर एकवटत नाही, पाठ, मान व डोके यांवर सारखा वाटला जातो. स्वीडनमधील बर्टिल आल्डमन यांनी १९६०च्या दशकात हे तत्त्व प्रथम वापरात आणले. अंतराळवीरांच्या आसनावरून त्यांना ही कल्पना सुचली होती.

आसन वापरताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खांद्यावरील पट्टे बाळाच्या खांद्याच्या पातळीवर वा किंचित खालून निघालेले असावेत व ते चिमटीत धरता येतील इतके सैल नसावेत. दुपटे वा जाड कुंची पट्ट्यांच्या आत नको. पट्टे लावून झाल्यावर वरून पांघरूण घालावे. आसन फार उभे ठेवल्यास हनुवटी छातीला टेकून बाळाचा श्वास कोंडू शकतो. लांबच्या प्रवासात मधूनमधून थांबून बाळास बाहेर घ्यावे आणि घरी पोहोचल्यावर आसनाचा पाळणा करू नये. वेळेपूर्वी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाबाबत डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. अपघातात सापडलेले जुने आसन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

ज्यांना ते शक्य नाही त्यांनी काय करावे?

तालुक्यातील बहुसंख्य कुटुंबांकडे मोटारच नाही, मग आसन कोठून असणार? १ जून २०११ पासून सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये सरकारी दवाखान्यात प्रसूत झालेल्या मातेस व बाळास घरी पोहोचविण्याची सोय विनामूल्य आहे. बाळ आजारी पडल्यास दवाखान्यात नेण्याआणण्यासाठीही ही तरतूद लागू आहे. हा उपकार नसून मातेचा हक्क आहे. घरी सोडण्याच्या आदल्या दिवशीच परिचारिकेस किंवा आशा कार्यकर्तीस तसे सांगून ठेवावे.

भाड्याच्या गाडीनेच जावे लागले तर आईने मागच्या आसनावर बसून स्वतःपुरता पट्टा लावावा व बाळास दोन्ही हातांनी छातीशी धरावे. माणसे दाटीवाटीने भरू नयेत, सामान मोकळे ठेवू नये, दिवसाउजेडी निघावे व चालकास आरंभीच सावकाश चालविण्यास सांगावे. हे पूर्ण संरक्षण नव्हे. परंतु दुचाकीपेक्षा वा खचाखच भरलेल्या जीपपेक्षा ते निश्चितच बरे.

अंगणवाडी व आशा कार्यकर्त्यांनी गरोदरपणाच्या सातव्या-आठव्या महिन्यातच हा विषय घरच्या माणसांपुढे काढावा. शिक्षकांनी पालकसभेत तो मांडावा. भाड्याच्या गाड्या चालविणाऱ्या बांधवांनीही बाळ-बाळंतीण गाडीत असताना घाई करू नये. नऊ महिने जपलेला जीव शेवटच्या काही कोसांवर दैवाच्या हवाली करू नये, इतकीच अपेक्षा आहे.