सीताफळाच्या पेशीपासून कर्करोगाच्या प्रयोगशाळेपर्यंत

बारावी आणि ‘नीट’चे निकाल लागले की पनवेलमधल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. सरकारी कॉलेज मिळेल का? नाही मिळाले तर आणखी एक वर्ष क्लास लावायचा का? रुग्णांसाठी काही करायचे असेल तर डॉक्टर व्हायला हवे, दुसरा रस्ताच नाही, असे मुलांनी आणि पालकांनी गृहीत धरलेले असते. मात्र याच तालुक्यात, खारघरला, एक संस्था आहे. तिचा इतिहास वेगळे काही सांगतो.

लोक तिला ‘खारघरचे टाटा’ म्हणतात. तिचे प्रचलित नाव ‘अ‍ॅक्ट्रेक’. टाटा मेमोरियल सेंटरची ही कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षणाची संस्था. तिचे मूळ मुंबईत परळला १९५२ साली सुरू झालेल्या ‘इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर’मध्ये आहे. पुढे त्याचे नाव ‘कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट’ झाले आणि २००२ मध्ये ते खारघरच्या ६० एकरांच्या जागेत आले. या संस्थेच्या पहिल्या पिढीतले एक मोठे नाव म्हणजे डॉ. कमल रणदिवे. नावामागे ‘डॉक्टर’ होते ते पीएच.डी.चे. एमबीबीएस त्यांनी केलेच नव्हते.

वडिलांची इच्छा एक, आवड दुसरी

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि तिचे लग्नही डॉक्टरशीच व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. हुजूरपागेत शिकलेल्या कमल फर्ग्युसनमध्ये गेल्या, पण त्यांनी वनस्पतिशास्त्राची वाट धरली. एम.एस्सी.साठी त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी आणि गुणसूत्रांचा अभ्यास केला. लग्न झाले ते ज. त्र्यं. रणदिवे या गणितज्ञाशी.

आता सीताफळाचा आणि कर्करोगाचा संबंध काय, असा प्रश्न पडेल. संबंध पेशीचा आहे. झाडाची असो वा माणसाची, पेशी वाढते, तिच्यातील गुणसूत्रांच्या प्रती तयार होतात आणि एका पेशीच्या दोन होतात. निरोगी शरीरात हे विभाजन गरजेपुरते चालते. कर्करोगात त्याला धरबंद राहत नाही. पेशीचे विभाजन आणि गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने पाहण्याची सवय असलेल्या व्यक्तीला कर्करोगाच्या प्रयोगशाळेत शिरताना परके वाटण्याचे कारण नव्हते.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात ज्येष्ठ विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली रणदिवे यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे त्या ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या. गे यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली जगप्रसिद्ध ‘हेला’ पेशी वाढवल्या गेल्या. भारतात परतल्यावर रणदिवे यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. देशातील अशी ती पहिली मानली जाते.

उंदीर, विषाणू आणि कुष्ठरोग

स्तनांचा कर्करोग काही जातींच्या उंदरांत जास्त, तर काहींत कमी का होतो, हा त्यांच्या संशोधनाचा एक मुख्य प्रश्न होता. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू या तिन्हींचा त्यात वाटा असतो, हे उलगडण्यात त्यांच्या कामाचा हातभार लागला. उंदरांत हा विषाणू आईच्या दुधातून पिलांकडे जातो. हे वाचून कोणी घाबरू नये. माणसांत तसे आढळलेले नाही. उलट, बाळाला अंगावर पाजल्याने आईला स्तनांच्या कर्करोगाचा धोका कमी होतो.

याच संस्थेत कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम झाले. पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरुग्णांसाठी उभे राहिलेले ‘शांतिवन’ माहीत असलेल्यांना या आजाराचे ओझे वेगळे सांगायला नको. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत कृत्रिम माध्यमावर वाढत नाही, हीच लस शोधण्यातली मोठी अडचण होती. संस्थेत कुष्ठरुग्णांच्या ऊतींपासून वेगळे केलेले जंतू वाढवून त्यांपासून लस तयार करण्यात आली. दक्षिण भारतातील मोठ्या तुलनात्मक चाचणीत या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. एव्हाना बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग बरा होऊ लागला होता, त्यामुळे ही लस सर्वत्र दिली गेली नाही. पण तिच्या पायाशी रणदिवे यांचे मूलभूत संशोधन होते. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

मुली येतात, पण टिकतात का?

प्रयोगशाळेत मुली येतात, पण लग्न, बाळंतपण आणि बदलीच्या गावी अनेकींचे काम सुटते, हे चित्र आजही बदललेले नाही. रणदिवे आणि त्यांच्या सहकारी स्त्री-शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. तिचे मुख्यालय पनवेलपासून फार दूर नाही, ते वाशीला आहे. तिथे नोकरदार महिलांसाठी वसतिगृह आहे, पाळणाघर आहे. राहायला सुरक्षित खोली आणि बाळाला सांभाळणारे माणूस मिळाले तर शास्त्रज्ञ बाईचे काम टिकते, हे या मंडळींनी ओळखले होते. उतारवयात रणदिवे नगर जिल्ह्यातील राजूर परिसरात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी आणि गावातील स्त्रियांना आरोग्याचे प्रशिक्षण या कामांत रमल्या. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आजचे खारघर

जून २०२१ मध्ये अ‍ॅक्ट्रेकच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात देशी ‘कार-टी’ उपचार पहिल्यांदा रुग्णाला देण्यात आला. यात रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी काढून घेतात, त्यांत नवे जनुक घालून कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवतात आणि त्या परत रुग्णाला देतात. नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या काही रक्तकर्करोगांसाठीच हा उपचार आहे. तो आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली. पेशी घडवणारे जीवशास्त्रज्ञ आणि रुग्ण सांभाळणारे डॉक्टर एकत्र आले नसते तर हे शक्य नव्हते. खारघरमध्येच २०२३ पासून प्रोटॉन किरणोपचारही सुरू झाले. ती अवाढव्य यंत्रणा चालवायला अभियंते, तंत्रज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ लागतात.

म्हणूनच वैद्यकीय प्रवेश हुकलेल्या, किंवा मुळात वेगळीच आवड असलेल्या मुलांनी काही वाटा माहीत करून घ्याव्यात. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर भाभा अणुसंशोधन केंद्राची रेडिओलॉजिकल फिजिक्समधील पदविका करता येते. किरणांची मात्रा मोजण्याची आणि तपासण्याची जबाबदारी अशाच ‘मेडिकल फिजिसिस्ट’वर असते. संख्याशास्त्राच्या पदवीधराला औषधांच्या चाचण्यांचे गणित मांडता येते. संगणक जाणणाऱ्याला जनुकांची माहिती वाचता येते. रेडिओथेरपी तंत्रज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्याविना तर कोणतेही कर्करोग रुग्णालय चालत नाही. जीवशास्त्रात संशोधन करायचे असेल, तर अ‍ॅक्ट्रेकमध्येच होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची पीएच.डी. करता येते.

या वाटाही सोप्या नाहीत. स्पर्धा आहे, वर्षे जातात आणि पगार सुरुवातीला बेताचा असतो. पण आवड नसताना केवळ घरच्यांसाठी तिसऱ्यांदा ‘नीट’ देणाऱ्या मुलाची घुसमट त्याहून मोठी असते. निद्रानाश आणि निराशेची लक्षणे घेऊन अशी मुले दवाखान्यात येतात. पुढचा फॉर्म भरण्यापूर्वी पालकांनी मुलांना एवढे तरी जरूर विचारावे, की तुला नेमके काय शिकायला आवडते?