कुंपण, दिवा आणि शेजाऱ्याची नजर

दिवाळीची वा उन्हाळ्याची सुटी लागली, की शहरांतील अनेक कुटुंबे घराला कुलूप लावून गावी जातात. कित्येक घरांत वृद्ध माता-पिता एकटेच मागे राहतात. अशा वेळी भक्कम कडी-कोयंडा हवाच. परंतु घराच्या संरक्षणाचा आरंभ दाराशी नव्हे, तर अंगणाच्या कडेशी होतो.

चोरट्याला कुलपाइतकेच भय असते ते कोणाच्या तरी दृष्टीस पडण्याचे. अमेरिकेत सी. रे जेफ्री यांनी १९७१ मध्ये आणि वास्तुरचनाकार ऑस्कर न्यूमन यांनी १९७२ मध्ये आपल्या ग्रंथांतून हा विचार शास्त्रीय पद्धतीने मांडला. जो परिसर रहिवाशांना आपला वाटतो आणि त्यांच्या नजरेच्या टप्प्यात राहतो, तेथे गुन्हा करणे कठीण जाते, असे न्यूमन यांचे प्रतिपादन होते.

उंच भिंत बांधली म्हणजे घर सुरक्षित झाले, असा समज आढळतो. परंतु ती एकदा ओलांडली, की तीच चोरट्याचा आडोसा बनते. म्हणून रस्त्याच्या बाजूचे मेंदीचे कुंपण सुमारे तीन फुटांपर्यंत छाटलेले असावे. मोठ्या झाडांच्या खालच्या फांद्या सहा-सात फुटांपर्यंत काढाव्यात, म्हणजे खोडांमधून पलीकडचे दिसते. मागील बाजूस, जेथे कोणाची नजर पोहोचत नाही, तेथे मात्र करवंद, सागरगोटा वा बोगनवेल यांसारखी काटेरी झाडे लावावीत. खिडकीखाली काटेरी झुडूप ठेवावे, तेही खिडकीच्या उंबऱ्याहून ठेंगणे. पायवाटेवर खडी पसरल्यास पावलांचा आवाज होतो. गच्चीवर झुकलेली फांदी ही चोरट्याची शिडीच होय. मात्र नागरी क्षेत्रात झाडाला हात लावण्यापूर्वी १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार लागणाऱ्या अनुमतीविषयी स्थानिक संस्थेकडे चौकशी करावी.

दिव्यांच्या बाबतीतही तारतम्य हवे. एकच प्रखर दिवा डोळे दिपवितो आणि त्याच्या मागे गडद अंधार निर्माण करतो. त्याऐवजी फाटक, मागील दार आणि जिना येथे खाली प्रकाश टाकणारे, मंद परंतु सारखा उजेड देणारे दिवे बसवावेत. चाहूल लागताच आपोआप पेटणारे दिवे वीजही वाचवितात. भर दिवसा जळत राहिलेला दिवा मात्र घर रिकामे असल्याची वर्दी देतो.

सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी कायद्याने अधिक गंभीर मानली आहे. तथापि शिक्षा गुन्ह्यानंतरची असते; प्रतिबंध मात्र आपल्या हाती असतो. कुंपण कितीही नीट छाटले आणि दिवा कितीही योग्य जागी लावला, तरी त्या उजेडात पाहणारे कोणी नसेल, तर ते श्रम व्यर्थ होत. म्हणून गावी जाताना शेजाऱ्यास सांगून जावे, दारातील वृत्तपत्रे उचलण्याची त्यास विनंती करावी आणि त्याच्या अनुपस्थितीत आपणही त्याच्या अंगणाकडे लक्ष ठेवावे. संशयास्पद हालचाल दिसल्यास स्वतः धाडस न करता ११२ या क्रमांकावर त्वरित कळवावे. शेजारधर्म हाच घराचा सर्वांत विश्वासू पहारेकरी होय.