थापटणं कुणाच्या हातात?

माणसाच्या नावामागे डिग्र्या लागतात, मराठवाड्यातल्या गावाच्या नावापुढे विशेषणं लागतात. वेशीवरचा फलक वाचायला घेतला की आधी 'निर्मल ग्राम', मग 'तंटामुक्त गाव', मग 'हागणदारीमुक्त', आणि एवढं सगळं ओलांडल्यावर कुठे गावाचं नाव. हिंगोली जिल्ह्यात साडेपाचशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत आणि त्यातल्या कितीतरी वेशींवर असा एखादा तरी बिल्ला रंगवलेला असतो, बहुतेकदा रंग उडालेला. या फलकांची टिंगल करणं सोपं आहे. पण त्यामागचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. बांधाच्या भांडणात दोन्ही भावांना एका खाटेवर बसवणारा, रात्री अडलेल्या बाईला ग्रामीण रुग्णालयात पोचवणारा, म्हातारीचा निराधार योजनेचा अर्ज भरून देणारा अशी माणसं प्रत्येक गावात असतात आणि गाव चालतं ते त्यांच्यावर. त्यांचा सन्मान केला तर अशी माणसं वाढतात का? माझं म्हणणं असं की वाढतात. मात्र सन्मानात काय दिलं यापेक्षा तो कुणी, काय पाहून आणि किती काळासाठी दिला, यावर सगळं ठरतं. आपण नेमकं यातलंच काही पाहत नाही. शालीचा रंग पाहतो.

या बाबतीत महाराष्ट्राइतका मोठा प्रयोग देशात क्वचितच कुठे झाला असेल. २०००-०१ मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावागावांत स्पर्धा, तालुक्यापासून राज्यापर्यंत बक्षिसं. त्यापाठोपाठ केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला. तो २००३ मध्ये जाहीर झाला, पहिलं वाटप २००५ मध्ये झालं आणि पुढची काही वर्षं त्या यादीत महाराष्ट्राचं नाव कायम वर राहिलं. मग १५ ऑगस्ट २००७ रोजी, पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम निघाली. ग्रामसभेने समिती निवडायची, गावातले तडजोडपात्र वाद गावातच मिटवायचे, गुण मिळवायचे आणि लोकसंख्येप्रमाणे बक्षीस घ्यायचं. हजार वस्तीच्या गावाला एक लाख, दोन हजारांपर्यंतच्या गावाला दोन लाख, तीन हजारांपर्यंत तीन लाख. हिशेब मांडला तर दरडोई शंभर रुपयांच्या आसपास. शंभर रुपयांसाठी मराठवाड्यातला शेतकरी बांधावरची वितभर जमीन सोडेल, असं मानणाऱ्याने बांधाचं भांडण कधी पाहिलेलं नाही. तरीही गावं कामाला लागली, जुनी प्रकरणं मिटली, कोर्टाच्या तारखा थांबल्या. पैशाने हे झालं नाही. शेजारच्या गावाला मिळालं आणि आपल्याला नाही, या टोचणीने झालं. गाव करी ते राव न करी, ही म्हण शासनाने निधीच्या शीर्षात बसवून दाखवली.

आता याच नाण्याची दुसरी बाजू. युनिसेफने २००८ च्या सुमारास महाराष्ट्रासह सहा राज्यांतल्या १६२ निर्मल ग्राम पुरस्कारप्राप्त पंचायतींची पाहणी करवून घेतली, तेव्हा खरोखर पूर्णपणे हागणदारीमुक्त निघालेली गावं बोटांवर मोजण्याइतकी होती. बाकी ठिकाणी लोक थोडेबहुत पुन्हा लोटा घेऊन निघाले होते. संडासात सरपण आणि गोवऱ्या रचल्याची चित्रं त्या काळात सगळ्यांनीच पाहिली. तंटामुक्तीचं वेगळं झालं नाही. बक्षीस पदरात पडलं की समितीचं काम सैल पडायचं आणि उरायचं ते अध्यक्षपद. सरपंचपद हुकलेल्याला तंटामुक्ती अध्यक्ष करणं ही गावच्या राजकारणातली सोय होऊन बसली. काही गावांत त्या निवडीवरूनच तंटे झाले, हा विनोद कुणी मुद्दाम रचायची गरज पडली नाही. मग बक्षिसाने काम झालं म्हणायचं की बिघडलं?

दोन्ही झालं, आणि ते का झालं याचं बरंचसं उत्तर १९७३ साली अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांवर झालेल्या एका साध्या प्रयोगात आहे. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रं काढायची मनापासून आवड असलेली मुलं निवडली. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढा, सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काहीच सांगितलं नाही, चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र अचानक हातात दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी पाहिलं तर आधी कबूल केलेल्या गटातली मुलं चित्रांना इतरांच्या मानाने निम्माच वेळ देत होती. अचानक मिळालेल्यांची आवड मात्र तशीच होती. प्रशस्तिपत्र एकच, शिक्काही एकच. एकाला तो मजुरीसारखा मिळाला, दुसऱ्याला शाबासकीसारखा. मजुरी संपली की काम संपतं. शाबासकीचं तसं नाही. ही गोष्ट मुलांपुरती आहे म्हणावं तर विकिपीडियाचं उदाहरण आहे. तिथे कुणाला पगार नाही, पण एक लेखक दुसऱ्याच्या पानावर जाऊन कौतुकाचा तारा चिकटवू शकतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, सर्वाधिक काम करणाऱ्या एक टक्का संपादकांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखे असे तारे दिले गेले. पुढच्या तीन महिन्यांत तारा मिळालेल्यांचं काम न मिळालेल्यांपेक्षा सुमारे साठ टक्क्यांनी जास्त भरलं. ताऱ्याची किंमत शून्य. त्यासाठी अर्ज नव्हता, गुणतक्ता नव्हता, तपासणी समिती येणार म्हणून चुना मारायचा नव्हता. आपलं काम कुणीतरी आपणहून पाहिलं, एवढाच निरोप त्यात होता.

हा निरोप कोण देतो, याची जाण हिंगोलीच्या मातीत अमेरिकेतल्या प्रयोगांच्या कितीतरी आधीपासून आहे. नर्सी हे संत नामदेवांचं गाव मानलं जातं. परंपरा सांगते की संतांच्या मेळाव्यात मुक्ताबाईने गोरोबाकाकांना सांगितलं, यातली मडकी कच्ची किती आणि पक्की किती ते बघा. गोरोबांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर हाणत निघाले. बाकीचे गप्प राहिले, नामदेव रागावले आणि कच्चं मडकं ठरले. साक्षात विठ्ठल ज्याच्याशी बोलतो, असा नामदेवांचा लौकिक. म्हणजे सर्वांत मोठ्या दरबाराची सनद आधीच खिशात. ती सनद तिथे चालली नाही, कारण थापटणं कुंभाराच्या हातात होतं. मडकं आवाजावरून ओळखणं हा त्याचा रोजचा धंदा. पुढे नामदेव विसोबा खेचरांना शोधत औंढा नागनाथाला आले आणि तिथे पक्के झाले, ही कथा जिल्ह्यात सगळ्यांना पाठ आहे. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी व्यवहाराचा भाग उरतो: पारख बरोबरीच्या, त्याच कामात मुरलेल्या माणसाने केली आणि लौकिकाची भीड ठेवली नाही. तालुक्याहून जीपने येऊन दोन तासांत गुणतक्ता भरणाऱ्या पथकाला हे साधणार कसं? त्यांना मडकं दिसतं, आवाज ऐकू येत नाही.

वरून दिलेल्या पदव्यांचं काय होतं, हेही या भागाने पाहिलं आहे. निजामाच्या राज्यात जंग, दौला, मुल्क अशा चढत्या किताबांची उतरंड होती. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपल्यावर ती सगळी नावं इतिहासाच्या पुस्तकात गेली. इंग्रजी मुलुखात रावबहादूर, रावसाहेब यांचं तेच झालं. याच्या अगदी उलट, ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात जोतीराव फुल्यांना लोकांनी 'महात्मा' म्हटलं. त्या सभेत पुढाकार घेणारे विठ्ठलराव वंडेकर स्वतः सरकारी रावबहादूर होते. सरकारने दिलेली त्यांची पदवी आज कुणाच्या लक्षात नाही, त्यांनी लोकांच्या वतीने दिलेली अजून प्रत्येकाच्या तोंडी आहे. राज्यघटनेच्या १८ व्या कलमाने शासनाला किताब देण्याचीच बंदी केली. पद्म पुरस्कार त्यातून वाचले ते एका अटीवर: ते नावाच्या मागेपुढे लावायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली बजावलं. गावोगावच्या फ्लेक्सवरची नावं वाचताना हा निकाल आठवतो.

बिल्ल्याला मुदत असावी, हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचा चांगला नमुनाही जिल्ह्यातच आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हाही एक बिल्लाच, आणि सामूहिक. पण त्याची कायदेशीर बांधणी गावाच्या फलकापेक्षा शहाणी आहे. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण करावं लागतं. शिवाय 'वसमत' हे नाव आपल्या पोत्यावर लावायचं तर शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची वेगळी नोंद करावी लागते. नुसतं त्या शिवारात राहून भागत नाही. सामूहिक सन्मानात फुकटे शिरतात ही जुनी अडचण आहे, तिला इथे निदान दार तरी लावलेलं आहे. तंटामुक्त गावात ते नव्हतं. बक्षीस अख्ख्या गावाला. रात्र-रात्र बसून भावकी जोडणारा आणि तीच भावकी पेटवणारा, दोघेही एकाच फलकाखालून ऐटीत जाणार. आणि फलक लागला तो लागला. २००९ सालची शांतता आज शिल्लक आहे का, हे विचारायची सोय त्या रंगात नव्हती.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा आहे: चांगल्या कामाला बिल्ला कशाला? ज्यांच्या नावाने अभियान चाललं ते गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. त्यांनी कुठे गुण मागितले? आक्षेप खरा आहे, पण तो सन्मानाकडे फक्त घेणाऱ्याच्या बाजूने पाहतो. बिल्ला जितका घेणाऱ्यासाठी, तितकाच बघणाऱ्यासाठी असतो. नवी सून, परगावाहून ऊसतोड करून परतलेलं कुटुंब, शिकायला बाहेर राहिलेला पोरगा यांना गावात अडचणीला कुणाचं दार ठोठवायचं हे सांगणारी ती पाटी आहे. गाडगेबाबांना पाटीची गरज नव्हती, कारण त्यांचा खराटाच दुरून दिसायचा. अर्ज भरून देणाऱ्याचा पेन दुरून दिसत नाही.

दुसरा आक्षेप जड आहे आणि तो मी पूर्ण खोडू शकत नाही. बरोबरीच्या लोकांनी पारख करायची म्हटलं की गाव आलं, आणि गाव म्हणजे जात, भावकी आणि पुरुषांचा पार. गाव ज्याला सलोखा म्हणतं, तो कित्येकदा दुबळ्याने गिळलेला अपमान असतो. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार 'घरातली गोष्ट' म्हणून मिटवली तर कागदावर तंटा एकाने कमी होतो आणि गुण एकाने वाढतो. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात तडजोडीला कायद्यातच जागा नाही, तरी तक्रारच होऊ न देण्याचा दबाव कुठल्या तक्त्यात मोजणार? म्हणून 'गावाने ठरवावं' एवढ्यावर माझं समाधान नाही. गोरोबांची गोष्टसुद्धा नीट वाचली तर थापटणं गावाच्या हाती नव्हतं. ते फिरवायला सांगणारी सगळ्यांत धाकटी मुक्ताबाई होती, वाळीत टाकलेल्या घरातली. सन्मानाचा पहिला शब्द ज्याला मदत झाली त्याचा असला पाहिजे. मारहाणीचं प्रकरण मिटलं असेल तर ते मिटलं की दडपलं, हे त्या बाईनेच सांगायचं. ती बोलायला उभी राहत नसेल, तर गुण द्यायचे नाहीत. याने पक्षपात संपेल असा दावा नाही, पण मुकाट्याने गिळलेल्या गोष्टी यशाच्या रकान्यात जाणं बरंच कमी होईल.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, इशारा आहे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशा स्वयंसेविकांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. गौरव रास्तच होता; कोरोनाकाळात दारोदार त्याच फिरल्या. पण त्याच्या आधीच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर गेल्या होत्या आणि नंतरही त्यांना आझाद मैदान गाठावं लागलं. जिथे मजुरी द्यायची तिथे शाल दिली तर ती फसवणूक आहे, आणि जिथे शाल पुरते तिथे मजुरी लावली तर लेपरच्या बालवाडीतलं होतं. आशाताईचं काम नोकरीचं आहे, त्याला पगार हवा. बांधावरच्या दोन भावांना एका खाटेवर बसवणाऱ्याला पगार देऊ केला तर त्याच्या शब्दाचं वजनच जाईल.

मग करायचं काय, तर फार थोडं. वर्षातून चार ग्रामसभा तर होतातच. त्यातली १ मेची घ्यावी. महाराष्ट्राचा दिवस, आणि १९९९ साली परभणीतून वेगळा झालेल्या या जिल्ह्याचाही. त्या दिवशी विषयपत्रिकेवर एक विषय असावा. ज्याला वर्षात कुणाची मदत झाली त्याने उठून सांगावं: कोण, केव्हा, काय केलं. आधी नावं मागवायची नाहीत, समिती नाही, श्रीफळ नाही, बक्षिसाचा आकडा नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने ते शब्द जसे बोलले गेले तसे इतिवृत्तात उतरवावेत, खाली सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यावा, आणि ते पान वर्षभर पंचायतीच्या फळ्यावर लावावं. पुढच्या १ मेला ते काढून नवं लावायचं. एखाद्या वर्षी कुणीच उठलं नाही, तर त्या वर्षी फळा कोराच ठेवायचा.