आंबे, दगड आणि अनुमान

‘सर्व आंबे दगड आहेत, काही दगड गोड आहेत, म्हणून काही आंबे गोड आहेत.’ बँकांच्या भरतीपरीक्षांत असे प्रश्न येतात, आणि आमचे कित्येक हुशार विद्यार्थी येथेच फसतात. आंब्याची गोडी जिभेस ठाऊक असल्याने ते निष्कर्ष बरोबर ठरवितात. परंतु गोड दगड सारेच आंब्यांखेरीजचे असू शकतील, हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

आपल्या न्यायशास्त्रात पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान करताना स्वयंपाकघराचा दाखला देतात. तेथे अनुभव साक्षीस असतो. या परीक्षेत मात्र त्यास पादत्राणांसह दाराबाहेर ठेविले पाहिजे.

सरावाची रीत सोपी आहे. गणिती ऑयलर याने १७६१ साली एका जर्मन राजकन्येस लिहिलेल्या पत्रांत अनुमाने वर्तुळे काढून समजाविली होती. तशीच वर्तुळे काढावीत. दिलेली विधाने खरी राहून निष्कर्ष खोटा ठरेल, अशी एक जरी आकृती निघाली, तरी तो निष्कर्ष टिकत नाही. ‘काही’ म्हणजे निदान एक. त्यात ‘सर्व’ही संभवतात, हे विसरू नये. रोज दहा प्रश्न सोडवावे व चुकलेल्याचे कारण वहीत लिहावे.

वडील मंडळींनीही ही वही चाळावी, अशी आमची विनंती आहे. आळशी मुले उशिरा उठतात, आपला मुलगा उशिरा उठला, म्हणून तो आळशी, हे अनुमान आंब्यांच्याच जातीचे होय. कदाचित् तो रात्री दोनपर्यंत वर्तुळेच काढीत बसला असेल!